ठराव मंजूर झाला, पण वहीत काय उतरलं? माझा अनुभव

ग्रामसभेत हात वर करून ठराव मंजूर होतो तेव्हा अर्धंच काम झालेलं असतं. उरलेलं अर्धं प्रोसिडिंगच्या वहीत, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायच्या वहीत असतं, आणि तिथेच आमचं घोडं साडेचार महिने अडलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मागणी साधी होती. वाडीवरच्या अंगणवाडीला नळजोडणी द्या आणि शौचालय दुरुस्त करा. केंद्राकडून ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायची. त्यामुळे 'निधी बसत नाही' हे उत्तर इथे टिकणारं नव्हतं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा (वर्षभरात करायच्या कामांचा) आणि खर्च कुणालाही पाहता येतो. सभेला जाण्याआधी त्याची छापील प्रत जवळ ठेवा. सभेत आकडा बोलून दाखवला की चर्चेचा सूर लगेच बदलतो.

सभेपर्यंत सगळं सुरळीत झालं. सभेची नोटीस निघायच्या आत विषय लेखी दिला, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतला. १५ ऑगस्टच्या सभेआधीच्या महिला सभेत हाच ठराव झाला, त्यामुळे मुख्य सभेत त्याला वजन आलं. महिला सभा कागदावर उरकत असतील तर आधी ती नीट भरवा, कारण अंगणवाडीचं पाणी कोण भरतं हे तिथल्या बायकांना सांगावं लागत नाही. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमची भरली. भरली नसती तर सभा तहकूब झाली असती, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्या सभेला नेमके आपलेच लोक येत नाहीत, म्हणून तिची तारीख चुकवू नका.

आता वहीबद्दल. सभेच्या सुरुवातीला हजेरीच्या सह्या झाल्या, तीन पानं भरली. त्यापुढची पानं कोरी. ठरावांची टिपणं भाऊसाहेबांनी (म्हणजे ग्रामसेवकांनी; २०२४ पासून पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गावात अजून भाऊसाहेबच) एका सुट्या कागदावर घेतली आणि 'पक्कं नंतर लिहितो' म्हणाले. सगळे उठले. आम्हीही उठलो, आणि चूक इथे झाली. सह्या आधी आणि मजकूर मागाहून, ही पद्धत कित्येक गावांत इतकी रुळली आहे की त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. पण तुमची सही असलेल्या सभेच्या नावावर पुढे काय लिहिलं जाईल, यावर तुमचा ताबाच राहत नाही.

ठरावाची नक्कल मागायला गेलं की उत्तर ठरलेलं असायचं: वही तालुक्याला तपासणीला गेली आहे, पुढच्या आठवड्यात या, साहेब मीटिंगला आहेत. एका भाऊसाहेबांकडे दोन-तीन गावं असतात हे खरं आहे आणि ती अडचण मला मान्य आहे. पण एका ठरावाच्या दहा ओळी लिहायला सात आठवडे लागत नाहीत. तोंडी मागणीत हे सात आठवडे वाया गेले. माझं ऐकाल तर दुसऱ्या हेलपाट्यालाच माहिती अधिकाराचा अर्ज द्या.

अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'ठरावाबाबत माहिती द्यावी' असं लिहू नका. त्यावर 'सदर ठराव मंजूर आहे' एवढं एका ओळीचं उत्तर येतं आणि ३० दिवस जातात. असं लिहा: 'दिनांक १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची, हजेरीच्या पहिल्या पानापासून शेवटच्या सहीपर्यंत, साक्षांकित छायाप्रत.' मुदतीत उत्तर आलं तर पानामागे २ रुपये. ३० दिवस उलटले तर माहिती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६) आहे. आम्हाला मुदतीत काहीच आलं नाही. मग २० रुपयांचा स्टॅम्प लावून पंचायत समितीत पहिलं अपील. तिथली सुनावणी दहा मिनिटांत संपली, कारण अर्जाची पोच आणि तारखा समोर होत्या. पोच नसती तर काहीच हाती नव्हतं.

डिसेंबरच्या शेवटी नक्कल मिळाली. सभेत ठरलं होतं: 'बंधित निधीतून नळजोडणी व शौचालय दुरुस्तीचे काम आराखड्यात घेण्यात यावे.' वहीत होतं: 'निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात यावा.' सूचक तेच, अनुमोदक तेच, 'सर्वानुमते मंजूर' हेही तेच. बदललं फक्त ते एक वाक्य, आणि त्याने कामाचा आदेश नुसता शिफारशीवर आला. ती ओळ मी तीनदा वाचली.

हे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच पकडता आलं असतं. प्रत्येक सभेचा पहिला विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. त्या दिवशी 'वाचलं असं समजू' म्हणत तो अर्ध्या मिनिटात संपवला आणि आम्ही गप्प बसलो. तिथे उभं राहून 'मोठ्याने वाचा' एवढं म्हटलं असतं तर दुरुस्ती जागच्या जागी झाली असती. एकदा इतिवृत्त कायम झालं की वहीत खाडाखोड चालत नाही, नवा ठरावच घ्यावा लागतो.

तो २६ जानेवारीच्या सभेत घेतला. अर्जातच विषयाचं पूर्ण वाक्य दिलं: 'दि. १५ ऑगस्टच्या अंगणवाडीविषयक ठरावात दुरुस्ती करणे', आणि त्याखाली हवा असलेला मजकूर शब्दशः, ठरावाच्याच भाषेत. भाऊसाहेबांना तो नुसता उतरवून घ्यायचा होता. पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरपासून तयार होऊ लागतो आणि जानेवारीअखेर तो पोर्टलवर चढवण्याची घाई असते. ही तारीख हुकली तर काम वर्षभर मागे पडतं.

सभा मोबाइलवर रेकॉर्ड करा, उघडपणे, सुरुवातीला सांगून. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २०२५ मध्ये 'सभासार' हे साधन आणलं, ते सभेच्या रेकॉर्डिंगवरून इतिवृत्ताचा मसुदा करून देतं. ते चांगलंच आहे. तरीही वहीतला मजकूर सभेतच वाचून घ्यायचं काम माणसांनाच करावं लागेल.

२६ जानेवारीला आम्ही पंधरा-वीस जण सभा संपल्यावर बसून राहिलो. कुणी आवाज चढवला नाही. अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी वही मधोमध ठेवली आणि भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर ठराव लिहिला. 'घेण्यात यावे' हे शब्द त्यांनी दोनदा वाचून दाखवले. शेवटच्या ओळीखाली जागा उरू नये म्हणून आडवी रेघ मारली आणि तिच्याखाली सरपंचांची सही झाली. सगळं मिळून पस्तीस मिनिटं लागली.