बागेत वास का येत नाही?

अगर म्हणजे ज्याच्या काळ्या लाकडाचा धूप आणि तेलाचं अत्तर होतं ते झाड. माझ्या बागेत ती झाडं बघायला येणारा माणूस आत शिरला की आधी नाक वर करतो. दोन रांगा फिरतो, एखाद्या खोडाला नाक लावतो, पान चुरगळून हुंगतो आणि मग जरा संकोचून विचारतो, "वास कुठाय?" फोनवर विचारणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो: "लावल्यापासून किती वर्षांत तेल निघतं?" दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

धडधाकट अगराच्या लाकडाला वास नसतो. लाकूड फिकट, हलकं, मऊ. खोडकिड्याने पोखरलं, फांदी मोडली, साल फाटली आणि त्या वाटेने बुरशी आत शिरली, की झाड तिथे गडद राळ तयार करायला लागतं. अगराच्या लाकडात जिवंत पेशींची बेटं विखुरलेली असतात, पिष्टाने भरलेली. जखमेजवळ हे पिष्ट आटत जातं आणि त्याच जागी राळ दिसू लागते. झाड शिदोरी मोडून औषध करतं म्हणा ना. आपण ज्याला सुगंध म्हणतो तो हा मलम.

वासाचं काम झाड आणखी एका ठिकाणी करतं, फक्त ते आपल्या नाकासाठी नसतं. फळ उकललं की बी एका दोऱ्याला लोंबकळत राहतं. चीनमध्ये वाढणाऱ्या अगराच्या जातीत असं आढळलंय की अळीने कुरतडलेल्या पानांतून जे वास सुटतात, तसेच या फळातूनही सुटतात. अळ्यांच्या शोधात फिरणाऱ्या गांधीलमाश्या फसून येतात आणि बी घेऊन उडतात. बीलाही घाई असते. काही दिवसांतच तिची उगवणशक्ती जाते, त्यामुळे ती बरणीत भरून पुढच्या मोसमासाठी ठेवता येत नाही. पडली की पेरायची.

जंगलात राळ धरलेली झाडं थोडीच, आणि बाहेरून खात्रीने ओळखू येत नाहीत. शोधणाऱ्यांनी म्हणून निरोगी झाडंही आडवी केली. आसामात वाढणारी ॲक्विलारिया मॅलाकेन्सिस ही जात आज अतिसंकटग्रस्त आहे. १९९५पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या कराराचं नियंत्रण आलं, २००५पासून या वंशातल्या सगळ्याच जातींवर. लागवडीचा माल असला तरी देशाबाहेर पाठवताना कागदपत्रं लागतात. हे रोपं विकणारा सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

लागवडीत जखम आपल्यालाच करावी लागते. पूर्वी कुऱ्हाडीचे घाव घालत, खिळे ठोकत. व्हिएतनाममध्ये संशोधक रॉबर्ट ब्लँचेट आणि सहकाऱ्यांनी खोडात भोकं पाडून त्यांत प्लॅस्टिकच्या नळ्या बसवल्या, जखम मिटू नये म्हणून. मी हे वाचलं होतं, पण नीट नव्हे. मनगटाएवढ्या बारा झाडांना गिरमिट लावलं आणि नळ्या बसवायचा कंटाळा केला. वर्षभरात बहुतेक भोकांवर साल चढली. झाडांनी माझी दखलच घेतली नाही. दोन झाडांत कुणीतरी खात्रीने दिलेलं बुरशीचं द्रावण सोडलं होतं. ती चिरून बघितली तर आत नुसती कूज, ओल्या गोणपाटासारखा वास.

एक मात्र वेगळं निघालं. चिरल्यावर फिकट लाकडात भोकाच्या वर आणि खाली निमुळती होत गेलेली काळपट रेघ, बोटभर लांब. त्यातली खरवडलेली धूळ निखाऱ्यावर टाकली आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही.

तर किती वर्षं? खोड भोक झेलण्याएवढं जाड व्हायलाच पाच-सात वर्षं जातात. त्यानंतर जखम केल्यापासून निदान दीड-दोन वर्षं तरी थांबावं, आणि जितकं थांबाल तितकं बरं. "एवढी झाडं गुणिले एवढे किलो" असा कागद घेऊन येणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. कागदावर अळ्या नसतात. इथे एका पावसाळ्यात पिवळसर अळ्यांनी आठवड्याभरात अख्खी रांग बोडकी केली होती.

कापणीनंतरचं काम तर कुणी विचारतच नाही, आणि खरं काम तेच. पटाशीने पांढरं लाकूड खरवडून काळं तेवढं ठेवायचं. मान मोडेपर्यंत बसलं तरी पुढ्यात पांढऱ्या भुशाचा ढीग आणि काळ्या ढलप्या मूठभर. हात जरा घसरला की राळही भुशात जाते. चांगल्या ढलप्या तशाच विकल्या जातात, हलक्या मालाचं तेल काढतात. त्याआधी तो माल कुटून कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवतात. पिंपाचं झाकण उघडलं की आंबूस, गोठ्यासारखा दर्प येतो. याच वेळी नेमका पाहुणा येतो आणि म्हणतो, "नासलं वाटतं." मग भट्टी, तीही मंद आचेवर आणि दिवसांच्या हिशेबात. शेवटी पाण्यावर घट्टसर तेलाचा तवंग दिसतो, तो तळहाताने निपटून घेतात. लाकडाच्या मानाने तेल इतकं थोडं की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, अजून यायचंय.

चिनी भाषेत अगराला चेनश्यांग म्हणतात, जपानीत जिंको. दोन्हींचा अर्थ बुडणारा सुगंध. राळ भरपूर असेल तर लाकूड पाण्यात बुडतं, नसेल तर तरंगतं. त्यासाठी माझ्याकडे काचेचं एक भांडं कायम भरून ठेवलेलं असतं. आजवर माझ्या सगळ्या ढलप्या तरंगल्या. गेल्या महिन्यात एक टाकली, ती थोडी तिरकी झाली, एक टोक खाली गेलं आणि तशीच अडकून राहिली. ती अजून भांड्यातच आहे. येणाऱ्यांना खोडं हुंगू देण्याआधी मी आता ती दाखवतो.