हौदातले शेवाळ, मोरचूद आणि कर्दळ

लातुरात आमच्या घरामागे वडिलांनी बांधून घेतलेला एक हौद आहे. तो 10 फूट लांब, 8 फूट रुंद आणि 3 फूट खोल असून काठोकाठ भरला तर त्यात सुमारे 6,800 लिटर पाणी मावते. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नसे तेव्हा तो साठवणीसाठी होता. पुढे गच्चीवर टाक्या बसल्या, हौद रिकामा पडला आणि 6 वर्षांपूर्वी मी त्यात गोल्डफिश आणि गप्पी सोडले. दर वर्षी माघ सरत आला, ऊन चढू लागले की या पाण्यात केसांसारखे लांब, हिरवेगार शेवाळ धरते. चैत्रापर्यंत त्याच्या जटा होतात, पंपाची जाळी बुजते आणि लहान पिल्ले त्यात अडकून मरतात.

हे शेवाळ म्हणजे एकच वनस्पती नव्हे. बोटांत धरून पाहिले असता जे रेशमासारखे निसटते ते बहुधा स्पायरोगायरा असते आणि जे ओल्या कापसासारखे खरखरीत लागते, ज्याला फाटे फुटलेले असतात, ते बहुधा क्लॅडोफोरा. पहिले हाताने सहज निघते, दुसरे सिमेंटला घट्ट चिकटून बसते. दिवसा या तंतूंमध्ये प्राणवायूचे बुडबुडे अडकतात, म्हणून तळाचे शेवाळ दुपारी वर तरंगून येते. पाणी नितळ असले की हा त्रास अधिक होतो, कारण ऊन थेट तळापर्यंत पोहोचते. त्यामुळे पाणी स्वच्छ दिसत असतानाच शेवाळ कसे वाढले, या प्रश्नाचे उत्तर त्या स्वच्छतेतच असते.

दुसऱ्या वर्षी मी जी चूक केली ती इथे मुद्दाम लिहिते, कारण ती आजही अनेक घरांत होताना दिसते. द्राक्षबागेवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या एका शेजाऱ्यांनी मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) उपाय सांगितला आणि मी तो अंदाजाने पाण्यात टाकला. दोन दिवसांत शेवाळ पिवळे पडून तळाशी बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेत होते आणि दुपारपर्यंत 5 गोल्डफिश गेले. मोरचुदातील तांबे माशांच्या कल्ल्यांना अपायकारक असतेच. शिवाय बोअरच्या जड पाण्यात त्यातले किती विरघळलेले राहील आणि किती साक्याच्या रूपाने खाली बसेल, हे अंदाजाने सांगता येत नाही. मात्र पहाटेचे ते दृश्य पाहता घात मुख्यतः प्राणवायूच्या तुटीने झाला, असे मला वाटते. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि उन्हाळ्यात तो मुळातच कमी असतो: 20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. शिवाय कुजलेल्या शेवाळातले सगळे खत पाण्यातच राहिले होते. महिनाभरात नवे शेवाळ आले आणि ते आधीपेक्षा दाट होते.

तेव्हापासून मी शेवाळाकडे पाहण्याआधी त्याच्या खुराकाकडे पाहू लागले. मासे खातात त्यातला बराचसा नत्र कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो, खडी-सिमेंटवर वस्ती करणारे जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट शेवाळाला मिळते. पाहुण्यांच्या मुलांनी हौसेने टाकलेले मुरमुरे आणि पोळीचे तुकडे हेही शेवटी शेवाळाचेच अन्न ठरते. आता मी दिवसातून एकदाच, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य घालते. आपल्याकडच्या उन्हाळ्याची आणखी एक अडचण आहे. पाणी वाफ होऊन उडते, क्षार आणि नायट्रेट मागे राहतात, आणि तूट भरायला पुन्हा बोअरचेच पाणी घातले की त्यांची भर पडत जाते.

पाणी वरचेवर बदला, दर आठवड्याला दहा-वीस टक्के तरी काढा, असा सल्ला सर्वत्र वाचायला मिळतो. ज्या शहराला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हजार लिटर पाणी गटारात सोडणे माझ्या हातून होणार नाही. म्हणून दर रविवारी तळाशी नळी लावून एक टिपाड, म्हणजे 200 लिटर पाणी मी लिंबाला आणि कढीपत्त्याला देते आणि तेवढेच नवे भरते. नळाचे पाणी असेल तर त्यातले क्लोरीन उडून जावे म्हणून ते एक दिवस उघडे ठेवते.

शेवाळ काढायला बोरीची काटेरी फांदी सर्वांत उत्तम. ती पाण्यात धरून रवीसारखी गोल फिरवली की तंतू काट्यांना गुंडाळत येतात आणि पाच मिनिटांत बादली भरते. एकाच दिवशी सगळे काढू नये, कारण पिल्ले आणि पाणकिडे त्याच्या आश्रयाला असतात. काढलेला ढीग तासभर काठावर ठेवला तर अडकलेली गोगलगाय किंवा पिल्लू दिसते आणि परत सोडता येते. हौदाच्या भिंतीवरचे आखूड, मखमली शेवाळ मी मुळीच खरवडत नाही. मासे ते दिवसभर टोकरत असतात. हाताने काढलेल्या प्रत्येक मुठीबरोबर नत्र आणि स्फुरद पाण्याबाहेर जातात, हा या कष्टाचा खरा लाभ आहे, आणि कोणत्याही औषधाने तो होत नाही.

सर्वांत मोठा फरक मात्र कर्दळीने पडला. आईने एकदा सहज म्हटले, "अगं, आपण मोरीचं पाणी कर्दळीला अन् अळूला सोडायचो, कधी साचलं नाही की वास आला नाही. हौदाचंही तिलाच पाज की." त्यावरून मी हौदाच्या कडेला विटांचा एक उथळ पाट बांधून त्यात खडी भरली, 12 कर्दळी लावल्या आणि छोट्या पंपाने हौदाचे पाणी त्यातून फिरवून परत आत सोडले. जिवाणूंना राहायला खडी मिळाली आणि नायट्रेट शोषायला मुळे मिळाली. त्याच्या जोडीला दोन कुंड्यांत कुमुदिनी लावून निम्म्याहून अधिक पृष्ठभाग पानांनी झाकला, आणि पाने वाढेपर्यंतच्या फाल्गुन-चैत्रात पश्चिमेकडून शेडनेट बांधले. कारंज्याचे तुषार कुमुदिनीला मानवत नाहीत, म्हणून हौदातले कारंजे काढून टाकले.

लोक सुचवतात ते इतर उपाय मी केले नाहीत. अतिनील किरणांचा दिवा तरंगत्या सूक्ष्म शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यावर उपयोगी पडतो, चिकटून बसणाऱ्या तंतूंवर नाही. जलकुंभी खत भराभर शोषते खरी, पण तिचा एक तुकडाही नाल्यात गेला तर पुढचे तळे गुदमरते, म्हणून ती मी आणली नाही. पाणवनस्पती खाणारा, मोठा वाढणारा गवत्या मासा इतक्या लहान हौदात ठेवणे त्याच्यावर अन्याय आहे.

पंपाविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगते. बरेच जण तो दिवसा चालवून रात्री बंद करतात. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती स्वतःच प्राणवायू सोडतात. रात्री त्याही तो वापरतात आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. म्हणून पंपाची खरी गरज रात्रीच असते. भारनियमनासाठी मी बॅटरीवर चालणारा हवेचा एक छोटा पंप ठेवला आहे आणि वैशाखात तो रोज तपासते. यंदाच्या चैत्रात आठवड्याला अर्धी बादली शेवाळ निघाले. ते सगळे लिंबाच्या आळ्यात गेले.