खापरपणजी सापडली ती त्र्यंबकला

कॉलेजांचे शताब्दी ग्रंथ वाचून वाचून जीव विटला आहे माझा. प्राचार्यांचे फोटो, देणगीदारांची यादी, मान्यवर माजी विद्यार्थी. घंटा देणारा, दिवे पुसणारा, वसतिगृहात पाणी भरणारा माणूस त्यात कुठेच नसतो. आमचे खापरपणजोबा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिपाई होते, एवढं एकच वाक्य घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. एम.ए.च्या प्रबंधाला मी कॉलेजातल्या नोकरांचा विषय घेतला तो त्या वाक्यापायी, आणि या पावसाळ्यातली भटकंतीही त्यासाठीच.

पुण्यात आधी विश्रामबागवाड्यात गेले. १८२१ मध्ये विद्वानांना वाटायच्या दक्षिणेच्या निधीतून इथे हिंदू कॉलेज सुरू झालं. पुढे त्याचं पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज, आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या दगडी इमारतीत गेलं. तिथल्या झाडांखालून चालताना फार छान वाटतं. टिळक, आगरकर, राजवाडे, कॉर्नेलिया सोराबजी, सगळे इथले विद्यार्थी. टिळकांची खोली जपून ठेवली आहे आणि ती जपलीच पाहिजे. पण तिच्या दारात उभी असताना माझ्या मनात एकच होतं, की ही खोली रोज झाडत कोण होतं?

पुणे पुराभिलेखागारात रुमाल (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) सोडून बसण्याचं सुख मोठं आहे, पण आमच्यासारख्यांच्या हाती तिथे फार लागत नाही. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे ज्यांनी आपल्या जमिनींचे हक्क मांडले, त्यांच्या कैफियतींतून चार-चार पिढ्यांची वंशावळ मिळते. ज्यांना इनाम नव्हतं त्यांना पूर्वज सिद्ध करायची वेळच आली नाही, म्हणून त्यांचे पूर्वज कागदावर आले नाहीत. एका जुन्या कॉलेजात (नाव लिहीत नाही) नोकरांचे हजेरीपट मागितले, तर ते रद्दीत गेल्याचं सांगण्यात आलं. सांगणाऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. मला अजून वाटतंय.

मग मुंबई. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. शिक्षण खात्याचे जाडजूड खंड मागवायचे, चिठ्ठी भरायची, वाट बघायची. बाहेर धो धो पाऊस, आत दमट हवा, आणि पान उलटलं की बोटाला कागदाचा भुगा. नेमणुका, रजा, इमारतीची डागडुजी, पुन्हा नेमणुका. कंटाळा येतो, आणि कंटाळ्यातच डोळे निसटतात, म्हणून मी मुद्दाम हळू वाचत होते. एका संध्याकाळी, खंड परत करायची वेळ होत आलेली असताना, मयत शिपायाच्या ग्रॅच्युइटीचं प्रकरण समोर आलं. नाव आमचं, गाव आमचं. वर इंग्रजी टिपणात अर्जदार म्हणून फक्त ‘शिपायाची विधवा’. आत तिचा मूळ मोडी अर्ज जोडलेला. त्याच्या कडेला कसर लागलेली, आणि जिथे तिचं नाव असायला हवं तेवढाच तुकडा गेलेला. खाली मात्र निशाणी शाबूत होती. लिहिता न येणाऱ्या बाया बांगडी काढत, तशी बोरूने काढलेली वेडीवाकडी बांगडी. अर्ज तिचा, गरज तिची, हात तिचा, आणि नाव नाही! मी टिपण उतरवून घ्यायचं सोडून नुसती त्या बांगडीकडे बघत बसले. हॉलमधले दिवे मालवायला लागले तेव्हा उठले.

आत्या फोनवर म्हणाली, “अगं, आपले उपाध्ये त्र्यंबकला आहेत. यात्रेला आलेल्यांची नावं उतरवून ठेवतात, त्या चोपडीत बघ की.”

नाशिकहून एसटी, खिडकीतून आत येणारा पाऊस, ढगात गेलेला ब्रह्मगिरी. श्रावणी सोमवारच्या आदल्या दिवशी त्र्यंबकला कुणी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रांग, धक्के, आणि राहायला मिळालेल्या खोलीत ओल्या गाद्यांचा वास. पण उपाध्यांच्या घरात पाऊल टाकलं आणि शीण गेला. काकूंनी काही न विचारता चहा आणि पोहे पुढे ठेवले. गुरुजींनी विचारलं ते एवढंच, “आडनाव? मूळ गाव? तालुका?” मग आतून कापडात बांधलेलं बाड आणलं, गाठ सोडली आणि पानं चाळत खर्जात नावं वाचायला लागले. मलाही मोडी येतं, पण त्यांचा वेग मला गाठता येईना.

“शके १८१४, श्रावण,” ते थांबले. म्हणजे इसवी सन १८९२. “नवरा वारल्यावर आलेली दिसते. बरोबर मुलगा, सासू, धाकटी जाऊ.” आणि त्यांनी तिचं नाव वाचलं.

मी परत वाचायला लावलं. मग स्वतः वाचलं. सासूचं नावही होतं, जावेचंही, आणि पुढे तिच्या माहेरचं गाव. सरकारी कागदाला ती कुणाची विधवा एवढंच हवं होतं. इथे कुणीतरी तिला विचारलं, बरोबर कोण कोण आलंय, आणि तिने सगळ्या बायकांची नावं सांगितली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. गुरुजींनी घाई केली नाही. त्यांनी नोंदीत माझंही नाव घातलं, आईचं घातलं, आत्याचं घातलं. दक्षिणा किती म्हणून विचारलं तर म्हणाले, “तुला वाटेल ती दे.” इथे अवाच्या सवा मागतात असं कानावर आलं होतं, म्हणून हे आवर्जून लिहितेय.

तिचं नाव इथे देत नाही. आधी घरच्या सगळ्यांना, एकेकाला, तोंडाने सांगायचंय.

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मात्र बसमध्येच पुढची यादी केली. माहेरच्या गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधलं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून अनेक जिल्ह्यांनी असले जुने कागद स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकलेत, तिथेही बघायचंय. तिचा एखादा भाऊ, त्याची जन्म-मृत्यूची नोंद, काहीही चालेल. गणपतीनंतर निघते. अशी कोतवाल बुकं कुणी पाहिली असतील तर कळवा, कारण यादीत तिच्या भावांच्या आधी तिच्या आईचं नाव शोधायचंय.