चंदननगर: नीळकुठीच्या नावाने टोटोवाल्याला पैसे देऊ नका

निकाल आधीच सांगून टाकतो. कोलकात्याजवळ हुगळी नदीकाठी असलेल्या चंदननगर या जुन्या फ्रेंच वसाहतीत बघण्यासारखी नीळकुठी, म्हणजे नीळ करायचा जुना कारखाना, नाही. हौद नाहीत, चिमणी नाही, साधी पाटीसुद्धा नाही. ‘बंगालमधल्या पहिल्या नीळ कारखान्याचे अवशेष’ असं कुठेतरी वाचून तुम्ही हावड्याहून बँडेल लोकल पकडणार असाल, तर लिहिणारा तिकडे फिरकलेलाही नाही हे पक्कं समजा.

गोष्ट मात्र खरी आहे, म्हणूनच जास्त राग येतो. लुई बोनो नावाचा फ्रेंच माणूस वेस्ट इंडिज पाहून, तिथली नीळ करायची पद्धत शिकून 1777 मध्ये इथे आला आणि तालडांगा व गोंदलपाडा इथे त्याने नीळ सुरू केली. बंगालमधला पहिला युरोपीय नीळवाला म्हणून त्याचंच नाव घेतात. पुढच्याच वर्षी, जुलै 1778 मध्ये, इंग्रजांनी चंदननगर घेतलं. म्हणजे फ्रेंच झेंड्याखाली ही नीळ जेमतेम रुजत होती. तिचा खरा पसारा वाढला तो इंग्रजांच्या मुलखात, नदिया-जेसोरकडे. तिथल्या रयतेला दादन, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन नीळ पिकवायला कसं बांधून घेतलं आणि 1859 मध्ये ती कशी उठली, हे वेगळं सांगायला नको. इतकं माहीत असूनही ‘पहिली’ या शब्दाने ओढून नेलंच.

आता पैशांचं बोलू. स्टेशनबाहेर टोटो, म्हणजे ई-रिक्षा, रांगेने उभ्या असतात. एका टोटोवाल्याने ‘फ्रेंच टूर आणि नीलकुठी’ असे सहाशे मागितले, घासाघीस करून साडेचारशेवर आला. त्यातला स्ट्रँडचा, म्हणजे नदीकाठच्या रस्त्याचा, टप्पा शेअर टोटोत दहा-वीस रुपयांचा. उरलेले चारशेहून जास्त कुठीचे. ती कुठी म्हणजे गोंदलपाड्यातली शेवाळलेली भिंत. “एटाइ नीलकुठी, दादा.” जवळ जाऊन पाहिलं तर विटांच्या पोटात भट्टीचा इंग्रजी अक्षरांचा शिक्का आणि सांध्यांत चुना नव्हे, चक्क सिमेंट! त्याला तसं म्हटल्यावर तो शांतपणे म्हणाला, आतून जुनी आहे.

अशा वेळी काय शोधायचं ते ध्यानात ठेवा. नीळ करायला पाणी लागतं आणि उतार लागतो. कापलेली झाडं वरच्या हौदात दहा-बारा तास भिजत ठेवायची, पिवळट-हिरवं पाणी खालच्या हौदात सोडायचं आणि माणसांनी त्यात उतरून ते वल्ह्यांनी तासन्‌तास घुसळायचं, तेव्हा कुठे ते निळं होतं. तळाशी बसलेला गाळ मग उकळून, दाबून, वड्या कापून वाळवायचा. म्हणजे कुठी म्हटली की दोन पातळ्यांवरचे हौद आणि जवळ पाणी. नुसती भिंत दाखवणाऱ्याला नमस्कार करा.

तिथून मी टोटो सोडून पायी नदीकाठ धरायला गेलो. तो टप्पा अजिबात करू नका. ज्यूट गिरणीच्या भागातल्या गल्ल्या, दुपारचं ऊन, सावलीचं नाव नाही, आणि दर दुसरी गल्ली कुंपणाला किंवा बंद फाटकाला जाऊन भिडते. रवींद्रनाथ तरुणपणी याच काठावर मोरानसाहेबाच्या बागबंगल्यात राहिले होते. तोही आता नाही. चहाच्या टपरीवर महाराष्ट्रातून आलो म्हटल्यावर म्हातारबुवा ‘बर्गी!’ (अठराव्या शतकात बंगालवर स्वाऱ्या करणाऱ्या मराठा घोडेस्वारांचं तिथलं नाव) म्हणून खो खो हसले. एवढाच काय तो गारवा.

फ्रेंच कारभार समजून घ्यायचा असेल तर मात्र गाव जरूर बघा, पण डोक्यात नकाशा ठेवून. वसाहत सगळी नऊ-दहा चौरस किलोमीटरची, वरिष्ठ पाँडिचेरीत. 1763 च्या तहानंतर बंगालमध्ये फ्रेंचांना ना तटबंदी करता येत होती, ना फौज ठेवता येत होती. शव्हालिए या प्रमुखाने पाणी निचरायला म्हणून गावाभोवती खंदक खणला, तर 1769 मध्ये इंग्रजांनी येऊन तो बुजवला. ज्याला स्वतःचा खंदक राखता येत नाही, तो निळीच्या शेतांवर काय हुकूम चालवणार? हाच शव्हालिए 1778 मध्ये निसटून कटकला पोहोचला आणि तिथे पकडला गेला. कटक तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होतं, हे आपल्या लोकांसाठी.

द्युप्ले या फ्रेंच गव्हर्नरच्या वाड्यातलं संग्रहालय बघाच. वेळा आणि सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा. लाल दिघी या तलावासमोरचं फ्रेंच दफनस्थान बघा. 1937 चं स्वातंत्र्यद्वार टोटोतून जाता जाता दिसतं, तेवढं पुरे. स्ट्रँड छान आहे. जलभरा संदेश, म्हणजे पोटात पाक भरलेली छेन्याची मिठाई, खा.

आणि खरोखर कुठीच बघायची असेल तर सियालदहहून बनगाव लोकल धरा आणि तिथून रस्त्याने पारमादनजवळच्या मंगलगंजला जा. इछामतीच्या काठावर पडकी का होईना, पण कुठी आहे. ती फ्रेंच नाही, ‘पहिली’ही नाही. त्यासाठी पूर्ण दिवस राखा. चंदननगरला जोडून एका दिवसात दोन्ही करून देतो म्हणणारा गाडीवाला भेटला तर त्याला आधी नकाशा उघडून दाखवा: दोन्ही गावं हुगळीच्या दोन बाजूंना आहेत.