तुम्ही विचारलेत म्हणून : लूपमध्ये जमते, धुनेत अडते

गिटार वाजवणाऱ्यांकडून मला वारंवार येणारा प्रश्न साधारण असा असतो : ‘टॅबमधला अवघड तुकडा निवडतो, वेग कमी करून लूपला लावतो, तासभर घोटतो. लूपमध्ये तो सफाईने वाजतो, पण पूर्ण धून वाजवायला घेतली की नेमका तिथेच हात अडखळतो. असे का होते?’ (टॅब म्हणजे कोणती तार कोणत्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या कोणत्या आडव्या पट्टीपाशी, दाबायची हे आकड्यांनी दाखवणारी लिपी; लूप म्हणजे सॉफ्टवेअरवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा चालू ठेवणे.) ‘आणखी सराव करा’ हे उत्तर विचारणाऱ्याने बहुधा गृहीतच धरलेले असते. माझे उत्तर निराळे आहे. लूपमध्ये तुम्ही जे घोटले, ते बहुतेक वेळा धुनेत नसतेच.

हे मला उशिरा कळले. एका जलद धुनेच्या दुसऱ्या भागात चार ठोक्यांचा आणि ठोक्याला दोन स्वरांचा एक बार, म्हणजे दोन उभ्या रेषांमधला एक खाना, होता. सुरुवातीचे तीन स्वर दुसऱ्या तारेवर, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर; चौथा स्वर पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटवर. म्हणजे डी, ई, एफ शार्प आणि जी. डाव्या हाताची बोटे थोडी ताणावी लागतात, पण तर्जनी तिसऱ्या फ्रेटपाशीच राहते, त्यामुळे तिथे फारसे संकट नाही. अडखळणे मला ‘ई’पासून जाणवत असे, म्हणून मी तेवढाच तुकडा वेगळ्या फाइलमध्ये ‘ई’पासून उतरवून घेतला आणि दोन आठवडे इमानाने घोटला. लूपमध्ये तो पूर्ण वेगाला गेला. धुनेत मात्र ‘जी’ रोज निसटत राहिला.

दोष उजव्या हातात होता. धुनेत पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, एकदा खाली, एकदा वर असे चालते. बारचा पहिला स्वर खालच्या फटक्याने वाजतो, त्यामुळे ‘ई’ वरच्या फटक्याने, ‘एफ शार्प’ खालच्या आणि ‘जी’ पुन्हा वरच्या फटक्याने यायला हवा. ‘एफ शार्प’ वाजल्यावर पिक दुसऱ्या आणि पहिल्या तारेच्या मध्ये येऊन थांबते. ‘जी’ वरच्या फटक्याने वाजवायचा तर त्याला पहिली तार ओलांडून पलीकडे जावे लागते आणि मग परतावे लागते. लूप ‘ई’पासून सुरू केल्यावर मी सवयीने ‘ई’ खालच्या फटक्याने वाजवत होतो. त्या एका गोष्टीने पुढचे सगळे फटके उलटे झाले आणि पिकची तार ओलांडण्याची हालचालच बदलली. दोन आठवडे मी एक निराळाच व्यायाम मन लावून केला होता.

फटका कोणता हे न दाखवणे ही टॅबची जुनी मर्यादा आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही, हे मला विशेष वाटते. व्हेनिसमध्ये 1507 साली पेत्रुची या मुद्रकाने छापलेल्या ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या टॅबमध्ये आकड्याखाली टिंब असेल तर तो स्वर वरच्या फटक्याने वाजवायचा, असा संकेत होता. आजच्या बहुतेक टॅबमध्ये तार आणि फ्रेट कळते. बोट कोणते आणि फटका कोणता, हे आपल्यालाच ठरवावे लागते. म्हणून लूप लावण्याआधी मी त्या तुकड्यातल्या प्रत्येक आकड्याखाली फटक्याची खूण आणि डाव्या हाताच्या बोटाचा क्रमांक लिहितो. काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावे लागते.

लूप कुठून कुठपर्यंत असावा, याचे उत्तर बारच्या रेषांवर सोडू नये. सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण बार निवडणे सोपे असते म्हणून आपण ते करतो, पण हाताची अडचण बारची रेषा पाहून येत नाही. अडखळणाऱ्या स्वराच्या किमान एक पूर्ण ठोका आधी, आणि तोही ठोक्याच्या पहिल्या स्वरापासून, सुरुवात करावी. शेवट अवघड जागा संपल्यावर पुढच्या बारच्या पहिल्या स्वरावर करावा. अडचण पार पडली की नाही, हे त्या पुढच्या स्वरावर कळते.

दुसरी फसवणूक लूपच्या सांध्यात असते. शेवटच्या स्वरावरून पहिल्या स्वरावर झेप घेणे ही गोष्ट धुनेत कुठेच नसते, तरी लूपमध्ये तीच सर्वांत जास्त वेळा घडते; ती साधावी म्हणून आपण शेवटचा स्वर नकळत तोडतो आणि ती तोड अंगवळणी पडते. यावर माझा उपाय म्हणजे तुकड्यापुढे एक रिकामा बार जोडणे. त्या चार ठोक्यांत हात तारांवरून उचलावा, सैल सोडावा आणि पुन्हा ठेवावा. मिनिटाला 60 ठोक्यांच्या लयीत दोन बारचा लूप 8 सेकंदांचा होतो आणि 10 मिनिटांत 75 फेऱ्या होतात. रिकामा बार जोडला की 50च होतात. मला त्या 50 अधिक मोलाच्या वाटतात. रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पियानोवादकांना तीन बारचा अवघड तुकडा बसवायला दिला होता. दुसऱ्या दिवशी कोण चांगले वाजवतो, हे फेऱ्यांच्या संख्येवर ठरले नाही, तर त्यांतल्या किती अचूक होत्या, यावर ठरले.

वेगाबद्दल थोडक्यात. टॅबमधले आकडे म्हणजे सॉफ्टवेअरला दिलेल्या सूचना असतात, त्यामुळे वेग निम्मा केला तरी स्वर उतरत नाही. जुन्या टेपचा वेग निम्मा केला की सगळे एक सप्तक खाली जाई. ही सोय मोठी आहे, पण मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत ज्या स्वराला पाव सेकंद मिळते, त्याला 60च्या लयीत अर्धा सेकंद मिळतो आणि तेवढ्यात पिकने कितीही मोठा फेरा मारला तरी चालून जाते. हळू वाजवतानाही हालचाल जलद वेगातल्याइतकीच लहान ठेवावी लागते. दर फेरीला वेग आपोआप वाढवणारी सुविधा मी वापरत नाही. सॉफ्टवेअर ऐकत नाही. तुम्ही चुकलात तरी ते पुढच्या वेगाला जाते. सलग पाच फेऱ्या स्वच्छ आल्या की मी स्वतः वेग वाढवतो. टॅबचा आवाजही बंद करतो आणि फक्त ठोके देणारा मेट्रोनोम ठेवतो, कारण संगणक बरोबर वाजवत असला की आपणही बरोबर वाजवतो आहोत, असा भास फार लवकर होतो.

आणि लूप वेळेवर बंद करावा. तुकडा जमू लागला की मी त्याच धुनेतल्या आणखी दोन अवघड जागा घेतो आणि तिन्ही आलटून पालटून, क्रम बदलत, प्रत्येकी एकदाच वाजवतो. यात सुरुवातीला वाजवणे बिघडल्यासारखे वाटते. शिया आणि मॉर्गन यांच्या 1979च्या प्रयोगातही हाताच्या हालचालींचा मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे होते आणि नंतरच्या चाचणीत पुढे निघाले. धुनेत तरी ती जागा तुम्हाला एकदाच मिळते, आधीचे सोळा बार वाजवून आल्यावर आणि सरावाची कुठलीही फेरी न होता. म्हणून दिवसाचा पहिला प्रयत्न मी लूपशिवाय, हात गरम न करता, पूर्ण धुनेतच करतो आणि तो कसा गेला, एवढेच वहीत लिहून ठेवतो. त्या ‘जी’समोर गेल्या महिन्यात अकरा दिवस बरोबरची खूण पडली, त्याआधीच्या महिन्यात चार दिवस पडली होती.