तिघांच्या वेसणी

अमेरिकी नागरिकत्वाच्या मुलाखतीला दुभाषी म्हणून बसायचं तर आधी शपथ घ्यावी लागते. समोरचं माणूस जे बोलेल ते तेवढंच, तसंच, पदरचं काही न घालता आणि काही न गाळता पोचवीन, अशी. ही शपथ मी इतक्या वेळा घेतली आहे की उजवा हात आपोआप वर जातो. त्या दिवशी मात्र मुलाखत सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली नसतील, तोच तिचा मला जाच वाटायला लागला.

काकू कराडच्या बाजूच्या. (गाव सांगत नाही. हे लिहायला त्यांची परवानगी घेतली आहे.) वय ६९, ग्रीन कार्ड मिळून १६ वर्षं झालेली. वय ५५ च्या वर आणि ग्रीन कार्डावरचं वास्तव्य निदान १५ वर्षांचं असेल, तर इंग्रजीची सूट मिळते. नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा आपल्या भाषेत देता येते, दुभाषी मात्र आपला आपण न्यायचा. तेव्हा १०० प्रश्नांची जुनी यादी चालू होती. अधिकारी त्यातले जास्तीत जास्त १० विचारायचे, ६ बरोबर आले की पास. आता यादीही लांबली आहे आणि विचारायचे प्रश्नही वाढले आहेत.

काकूंच्या लेकीनं मला आदल्या दोन रविवारी घरी बोलावलं होतं. शिकवणीला नव्हे, शब्द ठरवायला. मी ‘ब्रँच’ला काय म्हणणार, ‘अमेंडमेंट’ला काय म्हणणार, हे आधी बोलून घेतलेलं बरं असतं, नाहीतर उत्तर येत असूनही माणूस प्रश्नापाशीच अडकतं. मी पुण्यात राज्यशास्त्रात एमए केलेलं, त्यामुळे माझ्या वहीत सगळे पाठ्यपुस्तकी शब्द तयार होते. पहिल्याच ओळीला काकूंनी मला थांबवलं.

“सरकारची शाखा? म्हंजी बँकेची असती तशी?”

शाखा गेली, ‘सरकारचे तीन भाग’ आले. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ त्यांना रेडिओमुळे माहीत होते. मग अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले (१७७६) हक्क. लाइफ, लिबर्टी अँड द परस्यूट ऑफ हॅपिनेस. माझ्या वहीत होतं: जीवित, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध.

“आवं ताई, शोध हरवलेल्याचा घेत्यात. म्हस हरवली तर शोध. सुख काय दावं तोडून गेलंय व्हय?”

मी हसले, पण मला तो शब्द कधीच पटला नव्हता हेही खरं. जाहीरनामा लिहिताना जेफरसन ३३ वर्षांचा होता. फिलाडेल्फियात एका गवंड्याच्या घरात भाड्याच्या खोल्यांमध्ये राहून त्यानं तो मसुदा केला. विचार आपले नाहीत हे त्यानं कधी लपवलं नाही. जवळजवळ ५० वर्षांनी, १८२५ च्या एका पत्रात त्यानं लिहिलं की नवी तत्त्वं शोधून काढायची नव्हतीच, अमेरिकी मनात होतं ते शब्दांत मांडायचं होतं. आणि आधार म्हणून ॲरिस्टॉटल, सिसेरो आणि लॉक, सिडनी हे इंग्रज विचारवंत, अशी नावं दिली. लॉकची जोडणी होती जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता अशी. जेफरसननं मालमत्ता काढून तिथं सुख बसवलं असं सगळे सांगतात, पण सुखाच्या मागे लागण्याची भाषाही लॉकच्याच दुसऱ्या एका ग्रंथात आहे, मानवी आकलनावरच्या. मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. जाहीरनाम्याच्या तीनच आठवडे आधी व्हर्जिनियानं आपली हक्कांची सनद मंजूर केली होती, जॉर्ज मेसननं लिहिलेली. तिच्यात मालमत्ता आहे, सुखाच्या मागे लागणं आहे आणि सुख मिळवणंही आहे. जेफरसनच्या वाक्यात मागे लागणं राहिलं, मिळवणं गेलं.

हे मी काकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

“बराबर हाय. द्यायचा वायदा केला असता तर लोकं सरकारच्या दारात बसली असती. आपुन धडपडायचं, त्येनं आडवं यायचं न्हाई. एवढंच ना?”

‘सुखासाठी धडपडण्याचा हक्क’ असं मी वहीत लिहिलं. शोध खोडला.

मग त्यांनी विचारलं, सगळी माणसं समान म्हणणारा हा माणूस स्वतः कसा होता. मी खरं ते सांगितलं. त्याच्या आयुष्यभरात ६०० हून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती. गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा एक परिच्छेद त्यानं मसुद्यात घातला होता, तो काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेनं, काढून टाकला. आणि हे विकत घेणं-विकणं चालू असतानाच त्याची वाक्यं जगभर गेली. काकूंचे आजोबा सत्यशोधक. त्यांनी जोतिबांचा फोटो देव्हाऱ्याच्या नव्हे, दाराच्या वर लावलेला होता म्हणे. “जोतिबांनी पुस्तक अमेरिकेच्या लोकांना वाहिलंय, ठावं हाय का?” हे त्यांनी मलाच ऐकवलं. ‘गुलामगिरी’, १८७३. गुलामांना मोकळं केलं म्हणून तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण. ज्या थॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’नं तरुण जोतिरावांवर ठसा उमटवला, त्याच पेनच्या पत्रकानं १७७६ च्या जानेवारीत अमेरिकनांना राजाचा नाद सोडा म्हणून सांगितलं होतं. एमए करताना हे दोन्ही मी वाचलं होतं, पण वेगवेगळ्या पेपरांसाठी, त्यामुळे डोक्यात ते कधी शेजारी बसले नव्हते.

तर मुलाखतीचा दिवस. न्यूजर्सीतलं कार्यालय, खिडकी नसलेली खोली, मध्यमवयीन अधिकारी, सभ्य, आवाज खाली ठेवून बोलणारा. पहिले सोपे गेले. राजधानी, राष्ट्राध्यक्षाची मुदत. मग हक्कांचा प्रश्न: जाहीरनाम्यातले कुठलेही दोन सांगा.

“जगायचा. आन् सुखासाठी धडपडायचा. सुख द्यायचा न्हवं बरं का, धडपडायचा.”

पुरवणीसकट सगळं मी इंग्रजीत केलं. अधिकाऱ्यानं क्षणभर वर पाहिलं, बरोबरची खूण केली.

त्यानंतर गाडी घसरली. प्रतिनिधिगृहाचे मतदान करणारे सदस्य किती? ४३५. काकू म्हणाल्या ५४३. आकडे तेच, क्रम लोकसभेचा! मला सांगता येत नाही की किती जीव तळमळला. फेडरलिस्ट लेखांच्या (अमेरिकी घटनेच्या बाजूनं लिहिलेली लेखमाला) एका लेखकाचं नाव त्यांच्या ओठांवर आलं आणि परत गेलं. घटनादुरुस्त्यांची संख्याही चुकली. मधले दोन बरोबर आले. आठ प्रश्न झाले, पाच बरोबर, तीन चूक.

नववा प्रश्न: सरकारचा एखादा भाग फार बलवान होऊ नये म्हणून काय आहे?

यादीतलं उत्तर ‘चेक्स अँड बॅलन्सेस’, किंवा सत्ताविभाजन. माझ्या वहीत ‘नियंत्रण आणि समतोल’. काकूंनी डोळे मिटले. शब्द आठवत नव्हता हे मला दिसत होतं. मग डोळे उघडून म्हणाल्या:

“तिघांच्या वेसणी एकमेकांच्या हातात हायेत.”

इथं मी अडले. त्यांना काय म्हणायचंय ते मला शंभर टक्के कळलं होतं. मी ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हटलं असतं तर त्या खोलीत कुणालाही पत्ता लागला नसता. अर्थ तोच. पण मग ते उत्तर माझं झालं असतं. आणि वेसण तशीच इंग्रजीत नेली, तर बैलाच्या नाकातली दोरी ऐकून हा गृहस्थ चूक देऊन मोकळा होईल, ही भीती. दोन-तीन सेकंदच गेले असतील.

मी दोरीच नेली. बैलाच्या नाकातून ओवलेली दोरी, जिनं त्याला आवरतात. तिघांच्या त्या दोऱ्या एकमेकांच्या हातात आहेत, असं त्या म्हणतात.

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. “समजावून सांगायला सांगा त्यांना.”

काकू आता परीक्षेत नव्हत्या, बांधावर होत्या. “बैल येगळ्या गोठ्यात बांधून भागत न्हाई. येगळा बांधला तरी माजतोच. कायदा त्या मंडळीनी केला, तर सायेब सही करत न्हाई. सायबानं जज नेमला, तर ती मंडळी हो म्हनल्याबिगर बसत न्हाई. आन् जज म्हनला, ह्यो कायदा घटनेत बसत न्हाई, तर दोघंबी गप. एकानं वढ दिली की दुसऱ्याचं नाक दुखतंय.”

मी बोलत होते आणि आतून अंगावर काटा येत होता. कारण १७८८ च्या फेब्रुवारीत जेम्स मॅडिसन, घटनेच्या शिल्पकारांपैकी एक आणि फेडरलिस्टचा एक लेखक, ह्याच गोष्टीवर भांडत होता. त्याआधी जेफरसननं त्याला पॅरिसहून पेट्या भरभरून पुस्तकं पाठवली होती, आणि जुनी-नवी संघराज्यं का बुडाली हे वाचून काढून तो घटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या परिषदेला उतरला होता. घटनेचे विरोधक म्हणत, फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूनं तर सत्ता वेगळ्या ठेवायला सांगितल्या, तुम्ही त्या एकमेकांत गुंतवल्यात. माँतेस्क्यूचा १७४८ चा ग्रंथ म्हणजे तेव्हा देववाणीच. मॅडिसननं फेडरलिस्टच्या ४७ व्या लेखात उत्तर दिलं की तो पूर्ण वेगळं ठेवा असं म्हणतच नाही. एकाच्या हाती दुसऱ्याची सगळी सत्ता जाऊ नये, एवढंच म्हणतो. आणि ५१ व्या लेखात, महत्त्वाकांक्षेला महत्त्वाकांक्षेनंच आवर घालायचा. माणसं देवदूत असती तर सरकारच लागलं नसतं. वेगळा गोठा माँतेस्क्यूचा, एकमेकांच्या हातातली वेसण मॅडिसनची. आमच्या पेपरात या फरकावर दहा गुणांचा प्रश्न यायचा, आणि मी त्याला कधी सहाच्या वर गेले नव्हते.

“ठीक आहे,” अधिकारी म्हणाला आणि खूण केली. सहा.

शेवटी निष्ठेच्या शपथेचे प्रश्न असतात. शपथेचा अर्थ कळला का, परक्या सत्तेशी असलेली निष्ठा सोडायला तयार आहात का. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मी तेही तसंच राहू दिलं, गप्प बसण्याचं भाषांतर होत नाही. मग त्यांनी मला विचारलं आणि मी ते अधिकाऱ्याला सांगितलं: इथं जन्मलेल्या माझ्या नातवाला हे कधी विचारतील?

नाही, तो म्हणाला, त्याला विचारत नाहीत.

लॉकसुद्धा या जागी जरा अडखळतोच. राज्य संमतीवर उभं आहे म्हणतो, पण संमती विचारली कुणी, कधी? मग तो म्हणतो, रस्त्यानं चाललात तरी मूक संमती झाली, मात्र समाजाचा पुरा सभासद व्हायला उघड वचनच लागतं. जन्मानं नागरिक असलेल्यांपैकी बहुतेकांकडून ते वचन कुणी घेत नाही. त्या खोलीत पुस्तकातला तो करार खरोखर करणारं एकच माणूस बसलं होतं, आणि ते आपण कशावर हो म्हणतोय याचा विचार करत होतं.

“व्हय,” काकू म्हणाल्या. सही मराठीत केली, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवीतून दशम्या काढल्या आणि ५४३ बद्दल स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. वेसणीचं त्यांना विशेष काही वाटलं नव्हतं. मी मात्र घरी येऊन ‘चेक’ शब्दाचं मूळ पाहिलं. तो बुद्धिबळातला, फारसी ‘शाह’वरून आलेला. म्हणजे आपला शह. ‘शह-काटशह’ चाललं असतं की, असं वाटलं. पण त्याला डावपेचांचा वास येतो. वहीत ‘नियंत्रण आणि समतोल’ मी ठेवलंय. त्याच्यापुढे लिहिलं: वेसण. विचारलं तर समजावून सांगायला लावणे.