ओहायोत रटमधली (माजाच्या दिवसांतली) हरणांची धनुष्याने शिकार: पैसे भरून घेतलेल्या 'तयार' मचाणावर तपासल्याशिवाय चढू नका

खांदे अजून दुखतायत, पण आजच लिहितोय, कारण पुढच्या आठवड्यात कोणी निघणार असेल तर त्याला हे आधी कळायला हवं. अमेरिकेतल्या आग्नेय ओहायोत अथेन्सजवळ एका शेतकऱ्याची टेकड्यांची जमीन आम्ही दोघांनी ५ ते ९ नोव्हेंबर भाड्याने घेतली, माणशी ९०० डॉलर. फोनवर सांगितलं की तीन स्टँड, म्हणजे झाडावरची मचाणं, बांधून तयार आहेत, गाडीपासून पाच मिनिटं, नुसतं चढून बसायचं. साफ खोटं.

पहिले दोन दिवस बरे गेले, माद्या दिसल्या, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला तिसऱ्या स्टँडकडे निघालो. त्या पाच मिनिटांची पन्नास मिनिटं झाली, दोन ओढे लागले आणि मधे एक घळ, तिची उतरण ओकच्या ओल्या पानांनी इतकी भरलेली की हेडलॅम्प असूनही पाऊल दगडावर पडतंय की खड्ड्यात ते कळत नव्हतं, दोनदा बसून घसरत उतरलो. पलीकडे चढेपर्यंत पाठ घामाने भिजली आणि घाम म्हणजे वास, हरणाला तो पुरतो. जाड जाकीट सॅकला बांधून न्या, वर बसल्यावरच घाला, कितीही थंडी वाजली तरी.

आता खरा मुद्दा. स्टँड १८ फुटांवर, लटकवायच्या प्रकारचा, झाडाला दोन पट्ट्यांनी बांधलेला. मी कमरेचा दोर झाडाभोवती घालून चढलो, हार्नेसचा, म्हणजे अंगावर घातलेल्या सुरक्षा-पट्ट्यांचा, पट्टा स्टँडच्या वर झाडाला अडकवला आणि मग एक पाय फळीवर ठेवला. टर्रकन आवाज आला आणि फळी वीतभर खाली गेली. उजेड मारून बघतो तर वरचा पट्टा उन्हाने पांढरा पडलेला, कडेला खारीने कुरतडलेला, आणि झाडाचा बुंधा वाढून तो इतका ताणलेला की शिवण उसवत चाललेली. हे मचाण एका सीझनचं नव्हतं, तीन-चार वर्षं तसंच टांगून ठेवलं असणार. दोर आणि हार्नेस नसता तर मी आज हे लिहीत नसतो. मालकाला विचारलं तर म्हणे, गेल्या वर्षी कोणाचीच तक्रार नव्हती!

म्हणून सांगतो, दुसऱ्याने बांधलेल्या स्टँडवर बसू नका. दिवसा उजेडी जाऊन आपले नवे पट्टे लावा, नाहीतर मी केलं तसं आपला क्लाइंबर, म्हणजे बुंध्यावरून सरकवत वर चढायचं मचाण, न्या. त्याला सरळ, खाली फांद्या नसलेलं झाड लागतं, ट्युलिप पॉप्लर उत्तम, शॅगबार्क हिकरीच्या सुटलेल्या सालीवर अजिबात नको. धनुष्य दोरीने नंतर वर ओढा, बाण भात्यात ठेवून. आणि हार्नेस जमिनीवर पाय टेकेपर्यंत काढू नका.

तसंही घळीच्या तळात बसणं चुकीचंच, तिथे वारा गोल फिरतो. ऊन पडलं की हवा उताराने वर चढते, संध्याकाळी खाली उतरते. मी चौथ्या दिवशी माथ्याच्या जरा खाली, दोन रानांना जोडणाऱ्या खिंडीत बसलो. रट, म्हणजे व्हाइटटेल जातीच्या हरणाचा माज, तो दिवस लहान होण्याने सुरू होतो, चंद्राच्या नि थंडीच्या गप्पांकडे लक्ष देऊ नका, आणि या दिवसांत नर भर दुपारीही माद्यांमागे फिरतो, त्यामुळे नऊ वाजता डबा खायला उतरणारे लोक चुकतात, दिवसभर बसा.

१० वाजून ४० मिनिटांनी आला. आधी पानांत एकच मादी पळाली, मग तिच्या वाटेवर नाक जमिनीला लावून तो, मान सुजलेली, मागच्या पायांचे केस काळे. २२ यार्डांवर मी तोंडाने हलकं 'मॅ' केलं, तो थांबला, बाण सोडला. जरा मागे लागला. बाणावरचं रक्त गडद तपकिरी-लाल होतं, म्हणजे यकृत. अशा वेळी लगेच मागे धावू नका, हरीण उठून मैलभर जाईल. आम्ही पाच तास थांबलो, ते पाच तास फार जड गेले, आणि दीडशे यार्डांवर तो मिळाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज नाही.

पण मिळाला कुठे, तर त्याच घळीत. मालकाकडे चारचाकी बाइक होती, मागितली तर "ओढून आणायचे १५० वेगळे". आधी एक शब्द नव्हता. नाही म्हटलं, दोघांनी ओढलं, तीन तास लागले. पैसे भरायच्या आधी हे सगळं लिहून घ्या: हरीण बाहेर काढायला मदत आहे का, स्टँडचे पट्टे कोणत्या वर्षीचे, गाडीपासूनचं अंतर नकाशावर दाखवा. ओहायोत खाजगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी लागतेच, तो कागद खिशात ठेवा आणि शेजारच्या जमिनीच्या मालकालाही आधीच विचारून ठेवा, जखमी हरीण कुंपण बघत नाही.

शिंगवाला नर वर्षाला एकच मारता येतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत चेक-इन, म्हणजे शिकारीची सरकारी नोंद, करावी लागते. मी ती त्याच रात्री अॅपवर केली, हात थरथरत होते म्हणून नंबर मित्राने टाकला. तो उसवलेला पट्टा मात्र मी कापून सोबत आणलाय, पुढचा कोणी तीच जमीन घेणार असेल तर मला विचारा, फोटो पाठवतो.